सारिजे घाटासाठी मऊ पॅड

दाब.

"गाडी कोण चालवतं?"

काउंटरमागच्या बाईंनी विचारलं आणि माल्सुनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आमचे हे."

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. लग्न झाल्यापासून या प्रश्नाला एवढंच उत्तर होतं. गाड्या बदलल्या, एकदा गाव बदललं, उत्तर तेच राहिलं. तसं तिच्या नावाचं लायसन्स होतं. लेक बालवाडीत होती तेव्हा काढलेलं, आणि काढल्यापासून कपाटात रजयांच्या घडीखाली झोपलेलं. कपाटातलं लायसन्स, असंच म्हणतात त्याला. गल्लीतल्या निम्म्या बायकांकडे असतं.

"आणि रस्ता? गावातल्या गावात?"

"सारिजे घाट. दर गुरुवारी."

"मग ब्रेकचे पॅड कडकच घ्या." दुकान बोंगबाईंचं. बाप गेल्यापासून गाड्यांच्या सुट्या भागांचा हा पसारा त्याच सांभाळत होत्या. शिडीवर चढून त्यांनी एक लाल खोकं काढलं. "यात पोलादाचा कीस असतो. कितीही तापले तरी हात टेकत नाहीत. थोडी किरकिर करतील, चाकं काळी करतील. गार असताना जरा जोरात दाबायला लागतात, मग एकदम पकडतात. मुरलेल्या ड्रायव्हरला असेच आवडतात."

"ह्यांनी बस चालवली. सारिजेवरच."

"मग प्रश्नच मिटला."

खोकं इस्त्रीएवढं जड होतं. माल्सुन ते छातीशी धरून बाहेर पडली. गाडी समोरच्या गॅरेजात चाकं काढून वर चढवलेली होती. गावाची रीतच ती: सामान आपलं आपण निवडून आणायचं, मिस्त्री फक्त बसवून देणार, फक्त मजुरी घेणार. चुकीचं आणलंत तर चूक तुमची.

रस्ता ओलांडता ओलांडता ती मध्येच थांबली. भाजीच्या टेम्पोनं हॉर्न दिला. ती हलली नाही.

आमचे हे?

सोड.

आमचे हे, म्हणजे प्यो दुसिक, त्या वेळी घरी खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवर उशीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या उजव्या पायाची ऐकायची सवय सुटली होती. पानगळीच्या दिवसांत मेंदूतली एक बारीक शीर तुंबली. बोलणं परत आलं, हात बराचसा आला, चिडणं तर दुप्पट होऊन आलं. पाय आला नाही.

घाटापलीकडच्या शहरात पाय शिकवणारं इस्पितळ होतं. तिथली मुलगी त्यांच्या तळव्याखाली स्पंज ठेवायची आणि म्हणायची, "आजोबा, दाबा. पेडल दाबल्यासारखं."

"हा दाबल्यावर काय थांबतं?" दुसिक विचारायचे.

"काही नाही, आजोबा. व्यायाम आहे."

"मग कशाला दाबू?"

स्पंज फुगलेलाच राहायचा. त्यांना जमत नाही की ते मनावर घेत नाहीत, हे त्या मुलीला कळत नव्हतं. माल्सुनला कळत होतं. दोन्ही.

हिवाळाभर त्यांची लेक नारे दर गुरुवारी सुवॉनहून येऊन त्यांना घाटापार नेत होती. आता तिच्या रजा संपल्या. सुवॉनच्या घरातली एक खोली तिनं रिकामी करून ठेवली, न्हाणीघरात धरायला दांडासुद्धा बसवून घेतला. आणि मागच्या गुरुवारी उतारावर गाडी किर्र करून किंचाळायला लागली तेव्हा तिनं एकदाचं बोलून टाकलं, "आई, गाडी विकू या. इथलं बंद करा आणि चला माझ्याकडे."

लेकीचं चुकत नव्हतं. पण सुवॉनच्या खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर दुसऱ्यांची खिडकी होती. इथे मागच्या दारी सोयाबीनचे रांजण मुरत होते. इथे दुसिक चार पायांची काठी टेकत टेकत बस थांब्यापर्यंत जायचे आणि जुन्या ड्रायव्हरांशी भांडून यायचे. भांडायला माणसं होती म्हणून ते सकाळी उठत होते. तिथे कशाला उठतील?

"येत्या गुरुवारी मी नेते," ती म्हणाली होती.

"तू?"

"लायसन्स आहे माझ्याकडे."

"आई, ते कपाटात आहे!"

शेवटी मायलेकींचं ठरलं ते असं. माल्सुननं बाबांना घेऊन घाट नीट जाऊन-येऊन दाखवला तर नारे त्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गाडी विकायची आणि सामान बांधायचं.

हिवाळ्यात माल्सुननं बाजाराच्या मोकळ्या पटांगणात आणि नदीकाठच्या सपाट रस्त्यावर पुष्कळ गाडी फिरवली होती. सपाटीवर तिला भीती वाटेनाशी झाली होती. घाट मात्र तिनं आजवर शेजारच्या सीटवरूनच पाहिला होता.

दाब.

रस्त्याच्या कडेला होऊन तिनं घरी फोन लावला.

"अहो, पॅड कडक घेऊ की मऊ?"

"हा काय प्रश्न झाला? कडक. बसला जन्मभर कडकच लावले मी."

"ही गाडी तुम्ही चालवणार नाही."

"म्हणूनच कडक! तू घाट उतरणार म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बसणार. वरपासून खालपर्यंत. मऊ पॅड उदबत्तीसारखे जळत जातील."

"आणि पाय ठेवून नाही बसले तर?"

"बसशील."

"गियरवर उतरले तर?"

"नारेची आई, गियर म्हणजे काय मुळा आहे? बाजारात उचलला आणि पिशवीत टाकला?"

"मुळासुद्धा तुम्हाला निवडता येत नाही. मागच्या वेळी पोकळ आणलात."

"विषय मुळ्याचा नाही."

"तुम्हीच काढलात."

पलीकडे उशी सरकवल्याचा आवाज आला.

"कडकच घे," दुसिक म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "गाडी सुटली तर मला काही करता यायचं नाही, गं. मी नुसता बघत बसेन."

माल्सुनला मांजर आठवलं. मागच्या आठवड्यात बाजाराजवळ आडवं आलेलं. तिनं घाबरून पेडल गच्च दाबलं आणि शेजारी दुसिक पोत्यासारखे पुढे गेले. उजवी बाजू सावरून धरायला येत नाही त्यांना. पट्ट्यानं धरलं म्हणून. मांजर केव्हाच पलीकडे गेलं होतं आणि हे पट्ट्यात लोंबत होते, रागानं नव्हे, लाजेनं लाल.

एकदम पकडतात, बोंगबाई म्हणाल्या होत्या.

"ठेवते," ती म्हणाली.

सोड.

"चुकलं माझं. गाडी मी चालवते."

बोंगबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"ताई, आज मंगळवार आहे."

"म्हणून तर घाई करतेय."

बोंगबाई हसल्या. खुर्ची पुढे सरकवली, बसा म्हणाल्या. लाल खोकं मागे घेतलं आणि त्या जागी एक करडं खोकं ठेवलं. त्यावर साधं चित्रसुद्धा नव्हतं. "गाडी कारखान्यातून आली तेव्हा यातलेच होते. मऊ. हळू दाबलंत तर हळू थांबणार, जोरात दाबलंत तर जोरात. मध्येच अंगावर येणार नाहीत. आवाज नाही, धूळ नाही. शेजारी आजारी माणूस असेल तर हेच बरे."

"मग मघाशी का नाही दाखवलेत?"

"मघाशी तुमचे हे चालवत होते ना!" मग त्यांनी खोक्यावर बोट ठेवलं. "पण ऐकून घ्या. घाटभर पाय ठेवून बसलात तर हे तापून साबणासारखे होतात. दाबत राहाल आणि गाडी ऐकणार नाही. हे लावायचे म्हणजे उतार खालच्या गियरवर उतरायचा, इंजिनला गाडी धरून ठेवू द्यायची, ब्रेकला नुसतं शिवायचं आणि सोडायचं. तेव्हा आधी ठरवा, कोण उतरणार आहे घाट? पाय ठेवून बसणारी असेल तर लालच न्या. त्यात कमीपणा काही नाही."

माल्सुन खुर्चीच्या टोकावर बसून राहिली.

एक गुरुवार असा: लाल खोकं. पाय पेडलवर, डोळे मिटायचेच बाकी, गाडी किरकिरत, धक्के देत, दुसिक पट्ट्यात पुढेमागे. पोचले. परत आले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, आणि दर वेळी दोघांनाही ठाऊक, की ही बाई घाट उतरत नाही, कडक पॅड उतरवतात.

दुसरा गुरुवार असा:

दुसरा गुरुवार तिला दिसेना. तिनं खूप प्रयत्न केला. फक्त एक आवाज ऐकू आला. दुसिकच्या बसचा, माथ्यावरून खाली येतानाचा, इंजिन गुरगुरत, पाय नाही, नुसता गियर. ड्रायव्हरची बायको म्हणून पहिल्या सीटवर बसून तिनं तो आवाज इतक्यांदा ऐकला होता की तो कुठल्या वळणाला कसा बदलतो ते तिला पाठ होतं. कानाला येत होतं ते पायाला का येणार नाही?

"करडं द्या," ती म्हणाली.

गॅरेजमधून तिनं घराच्या चॅटवर लिहिलं: *मऊ घेतले. मी गियरवर उतरणार आहे.*

नारे: *आई, हे कुठे वाचून आलीस?*

दुसिकनी धाय मोकलून रडणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं.

दाब.

बुधवारी माल्सुननं नदीकाठी गाडी फिरवली तेव्हा पॅड लोण्यासारखे चालत होते, आवाज नाही, धक्का नाही, आणि ती खुशीत घरी आली तर संध्याकाळी वन्सं हजर, म्हणजे दुसिकची थोरली बहीण जॉमसुन, हातावर वाफाळता तांदळाचा केक, काखेत पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला सुका मासा आणि पिशवीत ताकासारख्या पांढऱ्या माक्कॉली दारूच्या दोन बाटल्या, आणि माल्सुन म्हणाली वन्सं अहो गाडी जुनीच आहे, फक्त पॅड नवे आहेत, तर त्या म्हणाल्या गाडी जुनी असेल, चालवणारी नवी आहे ना, मग गाडीची पूजा, गोसा, नको का करायला, आणि मासा गाडीपुढे मांडून त्यांनी गाडीला चक्क वाकून नमस्कार केला, माल्सुनला करायला लावला, दुसिकना दारातून मान लववायला लावली, त्यांनी ती कुरकुरत लववली, मग वन्सं चाकांकडे वळल्या, आणि एरवी जिथे चाकामागे वाटीभर माक्कॉली शिंपडतात तिथे त्यांनी बाटलीच कलती केली, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागची दोन्ही, चाकाच्या जाळीतून आत, पार आत, कारण त्यांच्या मते नवशिकीला रक्षण दुप्पट लागतं, आणि दुसिक दारातून ओरडले अक्का पुरे, तर त्या म्हणाल्या तू गप रे, तुझ्या वेळी एकच वाटी ओतली होती म्हणून तर तुझं असं झालं, आणि यावर सगळ्यांनी केक खाल्ला.

सोड.

गुरुवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. नारेचा निरोप येऊन पडला होता: *पोचल्यावर लगेच फोन कर. वाटेत काही वाटलं तर परत फिर.*

माल्सुननं गाडी सुरू केली, गियर टाकला. गाडी हलली नाही. मग टक्क असा आवाज झाला, जणू कोणीतरी चाकं जमिनीवरून उचकटली, आणि गाडी पुढे गेली.

दुसिकनी तिच्याकडे पाहिलं. मग पट्टा आणखी घट्ट ओढला.

पहिल्या सिग्नलला ब्रेक लावला तर घर्र. दुसऱ्याला घर्र आणि पेडलखाली थरथर. काल लोण्यासारखे असलेले पॅड आज कोणीतरी वाळू खाऊ घातल्यासारखे कुरकुरत होते. गाव सुटलं, नदीकाठचा रस्ता लागला, आणि घाटाचं तोंड दिसायला लागलं तेव्हा गाडीत वास आला. करपल्याचा.

"थांबव," दुसिक म्हणाले.

हिवाळ्यात ट्रकवाले चाकांना साखळ्या चढवायला थांबतात त्या जागी तिनं गाडी कडेला घेतली.

"पॅड जळतायत."

"अजून उतार आलाही नाही."

"म्हणूनच सांगतो. सपाटीवर जळतायत तर उतारावर काय होईल?" त्यांच्या आवाजात मी म्हटलं नव्हतं का, असं काही नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं. तिला भांडता आलं असतं. "फिरव गाडी. घरी जाऊ. नारेला फोन कर."

समोर रस्ता वर चढत होता. कडेच्या सावलीत अजून थोडं बर्फ उरलं होतं. गाडी फिरवायला जागा भरपूर होती, सुवॉनपर्यंत जाईल एवढी. माल्सुननं फोन हातात घेतला, ठेवला. दार उघडून खाली उतरली आणि पुढच्या चाकाशी उकिडवी बसली.

"हात लावू नकोस! भाजशील!"

ती हात लावत नव्हती. नाक लावत होती.

डोळे मिटून तिनं एकदा वास घेतला. परत घेतला. हा वास तिला माहीत होता. गाडीतला नव्हे. हा सकाळचा वास होता, आच जरा जास्त राहिली की पातेल्याच्या तळातून येणारा, गोडसर, खमंग, जरासा कडवट. मग तिला दिसलं: चाकाच्या जाळीवर पांढरट ओघळ वाळले होते, आणि आतल्या चकतीला कडेकडेनं तपकिरी पापुद्रा धरला होता.

ती हसायला लागली.

"काय झालं? अगं, काय झालं?"

तिनं गाडीचा पुढचा कप्पा उघडला. दुसिकचे बसवरचे पांढरे हातमोजे तिथे घडी घालून ठेवलेले होते. विकायचे म्हटलं तरी कोण घेणार, आणि टाकायचे म्हटलं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तिनं त्यातला एक उचलला.

"ए! माझा मोजा!"

जाळीतून बोट घालून तिनं तो पापुद्रा पुसून घेतला आणि मोजा त्यांच्या नाकाखाली धरला. "घ्या वास."

"ब्रेकचा वास मला शिकवतेस? जन्म गेला माझा..."

"घ्या तर खरं."

त्यांनी घेतला. भुवया वर गेल्या. परत घेतला. जिभेचं टोक बाहेर येता येता राहिलं.

"ही... खरपुडी आहे," ते म्हणाले.

"भाताचीच. तांदळाची माक्कॉली, चकतीवर रात्रभर वाळलेली, आता पॅडखाली भाजतेय. तुमच्या अक्कांचं रक्षण. दुप्पट."

दुसिकच्या तोंडाची डावी बाजू आधी हसली. उजवी बाजू मागून, जमेल तशी आली. "दोन बाटल्या!" ते म्हणाले. "जाळीतून आत! मी ओरडत होतो पुरे म्हणून!" आणि मग हसणं आवरेनाच. डोळ्यांतून पाणी, हातात मोजा. जवळून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं वेग कमी करून या दोघांकडे बघून घेतलं.

हसू ओसरल्यावर ते एकदम ड्रायव्हर झाले. पाठ सरळ केली. "नारेची आई, ऐक. पॅडला काही झालेलं नाही. वरचा थर घासून निघाला पाहिजे. गाडी परत नदीकडे घे. सपाट रस्ता, मागे कोणी नको. वेग धर, हळू दाब, थांबायचं नाही, सोड. परत वेग धर. परत दाब. मध्ये गार होऊ द्यायचं. घाई नाही."

"दाबू?"

"दाब."

घर्र.

"सोड. धर वेग. हां. दाब."

घर्र. जरा बारीक.

"सोड."

नदी उजव्या हाताला होती, मग वळून आल्यावर डाव्या हाताला. खरपुडीचा वास दाट झाला, भूक लागावी इतका. दाब. सोड. दुसिक डोळे मिटून ऐकत होते. माल्सुननं त्यांना असं ऐकताना पाहिलं होतं, पण बसच्या स्टिअरिंगमागे. दाब. सोड. घर्रचा फर्र झाला, फर्रचा श्वास झाला, आणि मग एकदा तिनं पेडल दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. गाडी नुसती मंद झाली, एखाद्याचं बोलणं संपत यावं तशी.

वास विरत गेला. पुन्हा त्या साखळ्यांच्या जागेशी येऊन तिनं गाडी थांबवली.

दुसिकनी घाटाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काय करायचं? घरी की वर?"

ते तिला विचारत होते. त्यांनी आधी विचारलं आणि मग त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"वर," माल्सुन म्हणाली.

दाब, सोड.

चढाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडी चढते. माथ्यावर धुकं नव्हतं. तिथल्या टपरीवर वाफवलेला मका मिळतो, पण माल्सुन थांबली नाही. थांबली असती तर परत निघाली नसती.

मग रस्ता खाली वळला.

तिनं गियरचा दांडा बाजूला सारून वजाच्या खुणेकडे ओढला, म्हणजे गियर एक पायरी खाली. इंजिन गुरगुरलं. तोच आवाज. तिच्या पायाला अजून खात्री नव्हती, पण कानाला होती, म्हणून तिनं कानाचं ऐकलं आणि पाय पेडलवरून उचलला. गाडी पळाली नाही. गाडीला मागून कोणीतरी कंबरेला धरून ठेवल्यासारखं वाटत होतं.

पहिलं वळण. शिवलं, सोडलं.

"अजून खाली," दुसिक पुटपुटले.

"काय?"

"काही नाही. तू चालव."

तिनं आणखी एकदा वजा केलं. गुरगुर उंचावली. "हं," दुसिक म्हणाले, आणि हात मांडीखाली दाबून गप्प बसले. त्यांना गप्प बसताना किती त्रास होतोय ते तिला न बघता कळत होतं.

दुसरं वळण. तिसरं. मग तिनं मोजायचं सोडलं. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, दरीत पाइनची टोकं. समोरून लाकडं लादलेला ट्रक आला, ती घाबरली, पाय पेडलवर गेला, आणि मऊ पॅडनी तिला हवं तेवढंच दिलं, त्याहून जास्त नाही. दुसिक पुढे गेले नाहीत. पट्टा ताणलासुद्धा नाही. ट्रक गेला. सोडलं.

तेव्हा तिला तो आवाज आला.

ब्रेकचा नव्हे. खालून. दुसिकच्या बाजूनं, रबरी पायपुसण्यावरून. पुसट, फस्स असा.

पुढच्या वळणाला पुन्हा: ती ब्रेक लावायच्या क्षणभर आधी, फस्स.

तिनं डोळे रस्त्यावरून काढले नाहीत. एका सरळ पट्ट्यावर मात्र तिनं चोरून खाली बघितलं. शेजारच्या सीटपुढे, जिथे पेडल नाही, जिथे काहीच नाही, तिथे दुसिकचा उजवा बूट पायपुसण्यावर टेकलेला होता. वळण जवळ आलं. बुटाचा पुढचा भाग दाबला गेला. चामड्याला सुरकुती पडली. वळण संपलं. बूट सैल झाला.

दुसिक डोळे फाडून रस्त्याकडे बघत होते. त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

माल्सुननं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पायाकडे बघितलं असतं, आणि पाय परत स्पंजासमोरच्यासारखा हट्टाला पेटला असता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. खाली शहराची छपरं दिसायला लागली होती, इस्पितळाची निळी पाटीही. शेवटची दोन-तीन वळणं उरली होती, रुंद, सोपी, समोरून कोणी येताना दिसत नव्हतं.

"आता शिव," दुसिक म्हणाले. "अगं, वळण आलं. शिव ना."

"हो, हो," ती म्हणाली आणि पाय उचललेलाच ठेवला.

"हो काय? शिव! नारेची आई!"

फस्स. जोरात. टाचेपर्यंत.

मग तिनं ब्रेकला शिवलं, अगदी हळू, आणि सोडलं.